खिळा, शिळा आणि संहिता

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मुद्रणकलेचा उल्लेख बहुधा एखाद्या प्रास्ताविक परिच्छेदात येतो आणि तेथेच संपतो. श्रीरामपूर, विल्यम कॅरीचे १८०५चे व्याकरण, मुंबईतील मिशनचा छापखाना, १८३२चे ‘दर्पण’ अशी नामावळी झाली की इतिहासकार ‘खऱ्या’ विषयाकडे, म्हणजे ग्रंथ, ग्रंथकार आणि प्रवृत्ती यांच्याकडे वळतो. या मांडणीत एक गृहीत दडलेले असते. निर्मिती आधी पूर्ण होते. तंत्र नंतर येते आणि सिद्ध झालेल्या कृतीची केवळ वाहतूक करते. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मुद्रणेतिहासाची साधने मोठ्या चिकाटीने एकत्र केली. समीक्षेने त्यांचा उपयोग मात्र बेताचाच केला.

एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रण एकविध नव्हते. खिळाछाप आणि शिळाछाप ही दोन तंत्रे कित्येक दशके शेजारी शेजारी नांदत होती. खिळाछापात जुळारी धातूचे सुटे खिळे जुळवून शब्द व ओळी सिद्ध करतो. देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा यांमुळे त्याच्यापुढील खणांची संख्या रोमन लिपीच्या मानाने कितीतरी वाढते. शिळाछापात लेखनिकाने हाताने लिहिलेला मजकूरच दगडावर उतरतो. पहिल्या तंत्रात हस्ताक्षराचा लोप होतो, तर दुसऱ्यात त्याच्याच प्रती निघतात. म्हणूनच गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा वाचकाच्या डोळ्यांना ते फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते. परके वाटत होते ते शाईचे. तिच्यात चरबी असल्याचा संशय दूर व्हावा म्हणून तुपाची शाई वापरली गेली, असे सांगितले जाते. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४५ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ प्रथम छापली, तीही शिळेवरच. ‘दर्पण’चा संपादक, नव्या विद्येचा पुरस्कर्ता, आणि ओवीसाठी त्याने निवडलेले तंत्र हस्तलिखिताच्या अगदी निकटचे!

यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते, हा वॉल्टर बेंजामिन यांचा १९३६च्या निबंधातील सिद्धान्त येथे जसाच्या तसा लावता येत नाही. छापील ‘गुरुचरित्र’ सोवळ्यात वाचले गेले, रेशमी वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवले गेले. पुढे खिळ्यांनी छापलेल्या पोथ्यांनीही आडवी सुटी पाने सोडली नाहीत. बेंजामिन यांच्यासमोर छायाचित्र आणि चित्रपट होते. पठणासाठी असलेल्या संहितेचे अधिष्ठान मूळ प्रतीच्या एकमेवपणात नसून उच्चारात असते. प्रती वाढल्या म्हणून ते ढळत नाही. (तंत्राच्या चिरंजीवित्वाविषयी फार विश्वास बाळगणाऱ्यांनी फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची कथा आठवावी. १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले; त्या छापील प्रतींपैकी एकही आज ज्ञात नाही. हस्तलिखिते मात्र राहिली.)

खिळ्याने खरा पालट घडवला तो गद्यात, आणि त्याचे सर्वांत उद्‌बोधक उदाहरण म्हणजे बखर. बखरी प्रायः मोडीत लिहिल्या गेल्या. मोडी ही लेखणी न उचलता धावणारी लिपी. तिच्यात शब्द तोडण्याचा, वाक्य थांबवण्याचा आग्रह नाही. कॅरीच्या १८१० मधील शब्दकोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले होते. पण मुंबईच्या ग्रंथव्यवहाराने बाळबोध स्वीकारली आणि मोडी दप्तरात उरली. मेजर कँडी यांच्या पुरस्काराने विरामचिन्हे रूढ होत गेली. मग १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला आणि का. ना. साने यांच्यासारख्या संपादकांच्या हातून बखरी छापील पानावर आल्या. मोडीतून बाळबोधीत येताना शब्द सुटे झाले, मजकूर वाक्यांत व परिच्छेदांत मांडला जाऊ लागला, टीपा जोडल्या गेल्या. बखरीचा ठसका, तिची तोकडी वाक्ये, तिची नाट्यमयता यांविषयी समीक्षक भरभरून लिहितात, तेव्हा त्यांतील किती गुण बखरकाराचे आणि किती संपादक-जुळाऱ्यांचे, हा प्रश्न विचारावाच लागतो. वाक्य कोठे संपते हे ज्याने ठरवले, त्याने शैलीही काही अंशी ठरवली. छापील पाठावरून केलेले बखरगद्याचे शैलीविवेचन मोडी प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य मानू नये.

कादंबरीच्या बाबतीत हा संबंध उघड आहे. ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली, साप्ताहिकाच्या अंकाने तिच्या प्रकरणांची लय बांधली. हे पुष्कळदा सांगितले गेले आहे.

तंत्राने संहिता घडते, हे मान्य केल्यावर तंत्र कोणाच्या हाती होते, हा प्रश्न टाळता येत नाही. थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला. तेथील संस्कृत ग्रंथ देशभर प्रमाण ठरले. छापणारे जावजींसारखे असले, तरी काय छापावे याचे निर्णय बहुतांशी अन्यत्र होत होते. जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. ते नाकारले गेले. ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढची छापली नाहीत, म्हणजे स्वपक्षाच्या पत्रातही हात आखडला गेला. वाङ्मयेतिहासाने मात्र मुद्रणाचा क्रम हाच निर्मितीचा क्रम मानला, आणि मराठी नाटकाची परंपरा १८४३चे ‘सीतास्वयंवर’ व १८८०चे ‘शाकुंतल’ यांच्यामध्ये आखली गेली. जे नाटक छापले गेले नाही, त्याचा प्रभाव शोधून सापडणार नाही हे खरेच. पण प्रभावाचा अभाव हा निर्मितीचा अभाव नव्हे. ‘तृतीय रत्न’ छापून आले ते १९७९ मध्ये.