फौती : एक शब्द, दोन अर्थ

घरातलं माणूस गेलं की आपण 'वारला' म्हणतो. तलाठ्याच्या कागदावर मात्र तो 'फौत' होतो. मूळ शब्द अरबी. तिकडे त्याचा अर्थ हातातून निसटणं. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला; आपल्या देऊळघाटच्या उर्दू बोलणाऱ्या घरांतही तोच आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. त्याआधी मोगल आणि निजाम यांच्या दप्तरावर फारसीची छाप होती. जुन्या वसुलीच्या हिशेबात 'फौत-फरारी' अशी जोडी येते, म्हणजे मेलेली आणि गाव सोडून गेलेली कुळं. दप्तराची काळजी एकच, आता सारा कोण भरणार? त्यातूनच फौतीला दुसरा अर्थ आला : मेलेल्याचं नाव कमी करून वारसाचं लावणं.

आपल्याकडे दिवस-तेरावं वेळेवर होतं, फौती राहून जाते. नाहीतर थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव लागतं. खरं तर माणूस गेला त्याच घडीला वारसांचा हक्क सुरू होतो. फौती ही त्याची नोंद. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर, माणसाच्या स्वकष्टाच्या जमिनीत बायको, आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. मुस्लिम घरांत वाटे शरियतीप्रमाणे पडतात, पण फौती तिथंही करावीच लागते. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर पीककर्जाला आणि नुकसानभरपाईला बाई अडते.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची. एकही लेक गाळायची नाही. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, ती आधी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आणि मग राज्यभर.

एक सांभाळा. फौतीचा अर्ज वेगळा आणि हक्कसोडपत्र वेगळं. "नुसती सही कर" असं कुणी म्हणालं, तर कागद आधी वाचून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ती मोठ्यानं वाचू.