पद्मिनीचे आर्म आणि आपली हॅचबॅक

आजचा प्रश्न तसा गॅरेजवाला आहे. रोजच्या गाडीला बाहेरचे, म्हणजे आफ्टरमार्केट कंट्रोल आर्म टाकावेत का? उत्तरासाठी आधी कुर्ल्याला जाऊया.

एलबीएस रोडजवळ आज जिथे कोहिनूर सिटी उभी आहे, तिथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये कंपनी काढली, फियाटशी करार झाला, आणि फियाट 1100 मुंबईची गाडी बनली. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी. मागे पाटे, पुढे प्रत्येक चाकाला कॉइल स्प्रिंग आणि वर-खाली दोन आर्म. आर्म म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारा हात. चाक वर-खाली होऊ द्यायचं, पण इकडे-तिकडे पळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

ही गाडी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं खड्ड्यांत पळाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्याला कॅम्बर वगैरेशी देणंघेणं नव्हतं. बुश झिजला, बदल. गाडी एका बाजूला ओढते, बघ. पार्ट बाहेरचा चालेल, पण माप तेच हवं. माझ्या मते हीच आफ्टरमार्केटची खरी शाळा!

याच पद्मिन्या मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर रेसलाही उतरायच्या. पण तिथे ना पेव्हर ब्लॉक, ना सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर.

मग 1983 मध्ये मारुती 800 आली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, वरचा आर्म गायब, फक्त खालचा उरला. आजच्या बहुतेक हॅचबॅक पुढून तशाच. मागे बहुतेकींना टॉर्शन बीम असतो, म्हणजे मागे बदलायला वेगळे आर्मच नाहीत. रीलवर दिसणारे ते चमकदार ॲडजस्टेबल रिअर आर्म तुमच्या गाडीला बसायचा प्रश्नच येत नाही, बरं का.

पुढचा आर्म लांब-आखूड केला की कॅम्बर बदलतो, टो बदलतो, ड्राइव्ह शाफ्टवरही परिणाम होतो. गाडी खाली बसवली असेल आणि टायर आतून झिजत असेल, तर ॲडजस्टेबलला काहीतरी अर्थ. स्टॉक उंचीच्या गाडीत नाही. शिवाय त्यात रबर बुशऐवजी लोखंडी रोज जॉइंट असेल, तर रस्त्याचा प्रत्येक दाणा स्टिअरिंगवर जाणवतो, आणि पावसाळ्यातला चिखल-पाणी तो जॉइंट लवकर खातं. पॉलियुरेथेन बुश त्यामानाने बरा, पण कडकच.

कायद्याचंही बघा. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम 52 च्या आधारे सांगितलं की कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलेल असा फेरफार करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण खड्ड्यात खड्खड् आवाज येतोय, बॉल जॉइंट ढिला झालाय? मग थांबू नका. तो सुटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. मूळ मापाचा, नावाजलेल्या मेकचा अख्खा आर्म घ्या. बुश आणि बॉल जॉइंट बहुतेकदा त्यातच येतात. बोल्ट शेवटचे कसताना गाडी चाकांवर उभी असू द्या, नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. मग अलाइनमेंट, त्याच दिवशी.