करमाडहून कुलाबा किती लांब?

शेजारच्या पोराचं पीएच.डी.चं गणित रात्रभर लॅपटॉपवर चालतं आणि पहाटे लाईट गेली की बंद पडतं. परवा म्हणाला, "काका, सुपरकॉम्प्युटर आपल्याला मिळत नसतो का हो?"

मिळायला पाहिजे. २३ ऑगस्ट १९५८ला आपलं मराठवाडा विद्यापीठ निघालं, तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि तरुण मंडळी स्वतः कॉम्प्युटर बांधत होती. १९६०ला तो चालू झाला. टिफ्रॅक हे नाव नंतरचं. तो लवकरच अपुरा पडला आणि १९६४ला अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला. तो एकट्या टाटा संस्थेचा राहिला नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. देशभरच्या विद्यापीठांतली माणसं त्यावर काम करून घेत. पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाबा गाठायचा. एक कार्ड चुकलं की परत रांग!

पुढं अमेरिका हवा तो क्रे देईना, म्हणून १९८८ला पुण्यात सी-डॅक निघालं. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ला परम ८००० तयार झाला. २०१५ला ४५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं. सत्तरहून जास्त यंत्रं उभारून ती देशभरच्या संशोधन संस्थांना नेटवर्कनं जोडायची, हा त्याचा हेतू. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म त्यातलाच.

म्हणजे आता गठ्ठे घेऊन गाडीत बसायचं नाही. लॉगिन करमाडातूनही होतं. अडतं ते खातं मिळण्यापाशी. अर्ज लागतो, गाईडची सही लागते, आणि असा अर्ज असतो हेच आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

त्याला म्हटलंय, सोमवारी गाईडला गाठ. काय होतं ते इथंच कळवतो.