कालव्याकाठची वाट कोणाची?



लंडनच्या रीजंट्स कालव्याकाठी सकाळ-संध्याकाळ नोकरदारांच्या सायकलींची रीघ लागलेली असते. ती वाट मात्र त्यांच्यासाठी बांधलेली नव्हे. पॅडिंग्टनपासून लाइमहाउसपर्यंतचा हा सुमारे १४ किलोमीटरांचा कालवा एका खाजगी कंपनीने खणविला व तो १८२० साली पुरा झाला. मालाच्या नावेला दोर बांधून घोडा काठाने ओढीत नेई. त्या घोड्यापुरतीच ही वाट!

पुलांखालच्या लोखंडाला दोर घासून चरे पडले. मॅकल्सफील्ड पुलाखाली २ ऑक्टोबर १८७४ रोजी बंदुकीची दारू नेणाऱ्या नावेचा स्फोट होऊन तिच्यावरचे तिघे कामकरी ठार झाले. नवा पूल जुन्याच खांबांवर उभा राहिला. पण ते खांब फिरवून बसविल्यामुळे त्यांना आज दोन्ही अंगांनी चरे दिसतात. कष्टकऱ्यांचा इतिहास बहुधा असाच, कागदाबाहेर लिहिलेला असतो.

इझ्लिंग्टनच्या बोगद्यात वाटच नाही. घोडा टेकडीवरून जाई आणि आत माणसे आडवी पडून, भिंतीला पाय रेटीत नाव पुढे सारीत. १८२६ साली वाफेची बोट आली तेव्हा त्यांचे पाय सुटले. आजचा सायकलस्वारही तेथे घोड्याप्रमाणेच टेकडी ओलांडतो.

१९४८ साली कालवा राष्ट्राच्या मालकीचा झाला. पुढे मालवाहतूक आटली आणि वाट टप्प्याटप्प्याने लोकांस खुली झाली. २०१२ पासून एक धर्मादाय न्यास तिची व्यवस्था पाहतो.

आता भांडण आहे ते पादचारी आणि सायकलस्वार यांचे. एक म्हणतो, 'अंगावर येतात'. दुसरा म्हणतो, 'वाट सोडीत नाहीत'. युनियनची वर्गणी गोळा करीत सायकल दामटण्यात आमची उमर गेली. तेव्हा दोघांचीही बाजू आम्ही जाणतो. परंतु आम्ही विचारतो, ही माणसे या चिंचोळ्या वाटेवर एकवटली का? बाहेरचा रुंद रस्ता मोटारींनी व्यापला म्हणून! तुकडा लहान ठेवावा आणि वाटेकऱ्यांना आपसांत झुंजू द्यावे, हा डाव गिरणीच्या दारात आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

त्या वाटेचा नियम सांगतो की, पायी चालणाऱ्याचा मान पहिला. तो रास्तच आहे. सायकलस्वाराने तेथे घंटी वाजवून वेग आवरावा. आणि मग दोघांनी मिळून रुंद रस्त्यातला आपला वाटा मागावा.