चंदखुरीचा सव्वाशे वर्षांचा मुक्काम

रायपूरच्या तेलीबांधा चौकात ‘चंदखुरी’ म्हटलं की रिक्षावाला मंदिरहसौदच्या दिशेनं हात करतो. तिकडची चंदखुरी कौसल्यामातेच्या देवळामुळे आता सगळ्या छत्तीसगडला ठाऊक झाली आहे. या लेखातली चंदखुरी ती नव्हे. ही रायपूर-बिलासपूर रस्त्यावर आहे. सिमगा आणि नांदघाट मागे टाकून शिवनाथ नदी ओलांडली की बैतलपूर येतं, त्याला लागून. जिल्हा आता मुंगेली. इथे रेव्हरंड के. डब्ल्यू. नॉट्रॉट यांनी 1897 साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला, आणि तिथला दवाखाना आजही चालू आहे. छत्तीसगडात सव्वाशे वर्षं एकच काम करत राहिलेल्या संस्था फार नाहीत. तरी आमच्या रायपूरकर मराठी मंडळींच्या गप्पांत हिचं नाव निघत नाही. रोगच असा, की घरात कुणाला झाला तरी कुणी बोलत नसे.

नॉट्रॉट यांच्या मिशनची आश्रमाआधीची तीस वर्षं थोडक्यात सांगायला हवीत. जर्मनीत जन्मलेले ऑस्कर लोर आधी गॉसनर मिशनतर्फे रांचीकडे काम करत होते. 1857च्या धामधुमीत ते तिथून बाहेर पडले आणि अमेरिकेला गेले. तिथल्या जर्मन इव्हँजेलिकल मंडळींनी त्यांना पुन्हा हिंदुस्थानात धाडलं. 1868 साली ते रायपूरला पोहोचले, तेव्हा नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. गुरू घासीदासांचा सतनामी पंथ मूर्ती मानत नाही, जात मानत नाही, हे ऐकून लोरसाहेबांना वाटलं की हे सगळेच लवकर ख्रिस्ती होतील. तसं काही झालं नाही. मग त्यांनी सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेऊन विश्रामपूर वसवलं. गावचे मालगुजार तेच, पाद्री तेच, वैद्य तेच आणि तंटा सोडवणारेही तेच. सेवा खरी होती, पण ती वरून खाली उतरणारी होती. ‘साहेब मायबाप’ म्हणवून घेण्याची ही सवय मिशनला पुढेही बराच काळ सुटली नाही.

दुष्काळानं मात्र मिशनला जमिनीवर आणलं. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून निघाला. मराठी वाचकाला यातला एक धागा माहीत असतो. पंडिता रमाबाई 1897 मध्ये मध्य प्रांतात हिंडल्या आणि अन्नान्नदशा झालेल्या मुलींना घेऊन परतल्या. त्यांतूनच केडगावचं ‘मुक्ती’ उभं राहिलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेनोनाइट पंथाचे जॉर्ज लँबर्ट धान्यवाटपासाठी हिंदुस्थानात आले होते. त्यांनी परत जाऊन जे सांगितलं, त्यामुळे 1899 मध्ये त्यांच्या पंथाचं पहिलं मिशन आलं आणि धमतरीला स्थिरावलं. त्याच सुमाराला रायपूर-धमतरी छोट्या रुळांची लाइन पडली. ही अडीच फुटी गाडी तेलीबांध्यावरूनच जायची. धमतरीच्या मिशन दवाखान्यात जाणारे कितीतरी रोगी याच गाडीनं गेले असतील. 2017 मध्ये रायपूर ते केंद्री हा तिचा टप्पा बंद झाला. रूळ होते तिथे आता एक्स्प्रेस वे आहे. त्यावरून गाडी हाकणाऱ्याला खाली एकेकाळी काय होतं याचा पत्ताही लागत नाही.

दुष्काळात घर सोडायची पाळी सगळ्यांत आधी कुणावर येते? ज्याच्या ताटाला ताट लावून कुणी बसत नाही त्याच्यावर. गावात धान्य असतं तेव्हा महारोग्याला वेशीबाहेर का होईना, शिळंपाकं मिळतं. धान्य संपलं की तेही थांबतं. चंदखुरीचा आश्रम सुरू झाला तो अशा वेळी. 1902 मध्ये चांपाला पी. ए. पेनर या मेनोनाइट मिशनऱ्यानं दुसरा आश्रम काढला, ‘बेथेस्दा’. धमतरीच्या मिशननंही कुष्ठरोग्यांचं काम हाती घेतलं. चार-पाच वर्षांतच छत्तीसगडात या कामाचं जाळं तयार झालं. पैसा बराचसा ‘मिशन टू लेपर्स’चा. वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थानं 1874 साली ही संस्था काढली. तिची रीत साधी होती: माणसं जिथलं मिशन असेल तिथली, खर्चाला हातभार संस्थेचा.

औषध नव्हतं, हे आज आपण विसरतो. जे होतं ते कडू कवठाच्या जातीच्या झाडाचं तेल, चौलमुग्रा. पोटातून दिलं की ओकारी यायची. 1915 नंतर त्याची इंजेक्शनं आली. ती दाट, तेलकट आणि ठणका लावणारी होती. गुण कुणाला यायचा, कुणाला नाही. म्हणजे पहिली चाळीस-पन्नास वर्षं या आश्रमांनी जे केलं ते बरं होण्याच्या भरवशावर नव्हतं. पाणी तापवायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याची बोटं शाबूत तो शेतात जाई, ज्याची नाहीत तो राखणीला बसे. एखाद्या भिकाऱ्याला कुदळ देऊन ‘हा वाफा तुझा’ म्हणणं, याला मी प्रोत्साहन म्हणतो. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात असं प्रोत्साहन देणारा बर्णबा नावाचा एक माणूस आहे. स्वतःचं शेत विकून त्यानं पैसे मंडळीला दिले. त्याहून मोठी गोष्ट त्यानं पुढे केली. ज्या शौलावर कुणीच विश्वास ठेवत नव्हतं, त्याला हाताला धरून तो प्रेषितांसमोर घेऊन गेला. चंदखुरीतलं काम मला या दुसऱ्या प्रकारचं वाटतं. पैसा देणारे लांब होते. हात धरणारा समोर असावा लागतो.

आता त्यागाचं. मिशनरी विलायत-अमेरिका सोडून आले, हिवतापानं गेले, त्यांची मुलंबाळं इथल्याच मातीत पुरली गेली, हे सगळं खरं. स्मरणिकांतून तेच छापलं जातं. पण या आश्रमांत सर्वांत मोठा त्याग कुणी केला असेल तर तो रोगी आईबापांनी. ‘मिशन टू लेपर्स’च्या आश्रमांत रोग्यांच्या निरोगी मुलांसाठी वेगळं घर असे. मूल आईजवळ राहिलं तर त्यालाही रोग लागेल, अशी तेव्हाची समजूत. म्हणून मूल काढून तिकडे ठेवायचं. भेट व्हायची ती ठरल्या वेळी आणि लांबून. पुष्कळ ठिकाणी पुरुषांची वस्ती वेगळी, बायकांची वेगळी. आईनं मूल दिलं ते त्याच्या भल्यासाठी, आणि बरीच मुलं त्या घरांतून शिकून शिक्षक, कंपाउंडर, नर्स झाली. तरी या व्यवस्थेत तिची मर्जी किती विचारली गेली असेल, हा प्रश्न उरतोच. 1898चा लेपर्स अ‍ॅक्ट तर निराधार रोग्याला पकडून आश्रमात डांबायची मुभा देत होता. तो कायदा आणि मिशनची करुणा, दोन्ही एकाच काळातली. कुणाच्या पुण्याचा हिशेब मांडायचा तर या आईचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं. तिचं नाव मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

त्यागाच्या जोडीनं समाधानही येतं, पण त्याबद्दल बोलायला मला संकोच वाटतो. पुढे पौल झालेल्या त्याच शौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे, आणि आहे त्यात तृप्त राहायला शिकल्याचं तो त्यात सांगतो. कैद्यानं ते सांगणं वेगळं, जेलरनं कैद्याला सांगणं वेगळं. आश्रमातल्या रविवारच्या उपदेशात हा फरक दर वेळी पाळला गेला असेल असं वाटत नाही. ज्याला समाधान शिकायचं होतं तो खरं तर आश्रम चालवणारा. रोगी बरा होणार नाही, बरा झालेला घरी जाऊ शकणार नाही, बाप्तिस्मा घेतलेल्यांचे आकडे वर कळवण्याजोगे नाहीत; तरी उद्या सकाळी पाणी तापवायचं आहे. या माणसाला हे जमलं म्हणूनच संस्था टिकली.

1940च्या दशकात डॅप्सोन हे औषध आलं. डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांनी मद्रासजवळच्या चिंगलपेटला सल्फोन औषधांचे प्रयोग केले. त्यानंतर ‘आश्रम’ या कल्पनेलाच हादरा बसला. ज्या रोगाला औषध आहे त्याला कुंपण कशाला? 1982 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधांचा एकत्र उपचार सांगितला. त्यानंतर चंदखुरीसारख्या ठिकाणांचं काम आश्रमाकडून दवाखान्याकडे सरकलं. जंतू मेले तरी बधिर झालेले हातपाय तसेच राहतात. चुलीवरचं पातेलं उचललं तर भाजतं, पण कळत नाही. रात्री उंदीर बोट कुरतडतो, तेही कळत नाही. म्हणून पायांचं एक शिस्तशीर काम असतं: अर्धा तास साध्या पाण्यात पाय बुडवायचे, मऊ झालेला घट्टा खरवडायचा, ओल असतानाच तेल लावायचं. चपलाही वेगळ्या. तळ मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा, खिळा एकही नाही, आणि टाचेमागे पट्टा. पट्टा का? चप्पल पायातून निसटली तर रोग्याला समजत नाही, तो तसाच अनवाणी चालत राहतो. कुणी दान द्यायला आलं तर आधी ही चप्पल हातात घेऊन पाहावी. कुणाच्या दुखण्याचा मनापासून विचार करणं म्हणजे काय, ते तिच्यात दिसतं.

या वाटचालीतला मराठी माणूस मात्र ख्रिस्ती नाही, आणि तो मिशनवर रागावून बाहेर पडलेला आहे. सदाशिव गोविंद कात्रे. रेल्वेत नोकरी, मन संघाच्या शाखेत, आणि अंगावर कुष्ठ. उपचारासाठी ते 1950च्या दशकात बैतलपूरच्या याच दवाखान्यात आले. तिथलं औषधपाणी त्यांनी घेतलं, पण त्यासोबत होणारा धर्मप्रचार त्यांना मानवला नाही. त्यांनी तक्रारी केल्या. असं सांगतात की तेव्हाचे राज्यपाल हरि विनायक पाटसकर यांनी त्यांना ‘तक्रार कसली करता, स्वतः काम सुरू करा’ अशा अर्थाचा सल्ला दिला. कात्रे चिडून घरी गेले नाहीत. 1962 साली चांपाजवळ त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघ काढला आणि स्वतः दारोदार मूठमूठ तांदूळ मागितला. सोंठीचा आश्रम असा उभा राहिला. अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट 1972 मध्ये तिथे आले आणि जन्मभर राहिले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

दत्तपूरचे मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनचे बाबा आमटे ही नावं आपल्याकडे घरोघरी आहेत. कात्रे-बापटांची तितकी नाहीत. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर काम केलं की असं होतं.

चांपात आज बेथेस्दाचा वारसा सांगणारा लेप्रसी मिशनचा (‘मिशन टू लेपर्स’चंच हे आताचं नाव) दवाखाना आहे आणि जवळच सोंठी आहे. एकमेकांबद्दल दोघांचे काय काय ग्रह असतील ते असोत. कात्र्यांचा आक्षेप खोटा नव्हता. भुकेल्याला अन्न देताना त्याच्या हातात पुस्तकही ठेवलं, तर त्यानं ते मनापासून घेतलं की भुकेपोटी, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण कात्रे ज्या माणसांशी भांडले त्यांच्याकडूनच ते जखमा धुणं शिकले असावेत. भांडणाचा शेवट दुसऱ्या एका ड्रेसिंगच्या खोलीत झाला. देशात धर्मांतरावरून जे वाद आपण रोज ऐकतो, त्यांतल्या किती वादांना असा शेवट लाभला आहे?

मिशनचं रूपही दरम्यान बदललं. लोर आणि नॉट्रॉट यांनी उभ्या केलेल्या मंडळ्या 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. लेप्रसी मिशनचा भारतातला कारभार 1973 पासून इथल्याच ट्रस्टकडे आहे. ‘साहेब’ गेले. आता पट्ट्या बांधणारी माणसं छत्तीसगडी बोलतात. रोगीही सगळेच कुष्ठाचे नसतात; आसपासच्या गावांतले लोक खरूज-नायट्यासाठी, तापासाठीही येतात आणि कुष्ठाच्या रोग्याशेजारी बाकावर बसतात. पन्नास वर्षांपूर्वी ही गोष्ट कुणी सांगितली असती तर हसण्यावारी गेली असती.

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी, म्हणून कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ जाहीर झालं. छत्तीसगड त्यानंतरही बराच काळ त्या रेषेच्या वरच रेंगाळलं. घोषणेनंतर कार्यक्रमांतला पैसा आणि माणसं आटली, आणि चट्टा ओळखणारे डोळेही कमी झाले. जोडीदाराला कुष्ठ आहे या कारणानं घटस्फोट मागता येण्याची तरतूद तर 2019 पर्यंत आपल्या विवाहकायद्यांत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ती काढली. गावागावांत ती निघाली आहे का, याचं उत्तर बैतलपूरला बाहेरच्या रोग्यांच्या रांगेत मिळतं. बारा महिन्यांच्या गोळ्या घेऊन पूर्ण बरी झालेली बाई डॉक्टरांकडे आणखी काही औषध मागत नाही. ‘बरी झाले’ असं लिहिलेला, शिक्का मारलेला कागद मागते, सासरी दाखवायला.