विंचवाचें बिऱ्हाड

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजरस्ता नाशिक मागें टाकून निफाड तालुक्यांत शिरला, म्हणजे वाटेंत पिंपळगांव बसवंत लागतें. द्राक्षें, कांदा आणि टोमॅटो यांची ही मोठी पेठ. हंगामांत येथील द्राक्षें थंड कंटेनरांत बसून न्हावाशेवा बंदराकडे निघतात आणि तेथून आगबोटीनें थेट रॉटरडॅम गांठतात. फळांमागोमाग आतां माणसेंही परदेशीं जाऊं लागलीं आहेत. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं बैलगाडीपलीकडचें वाहन नव्हतें, अशा घरांतील सुशिक्षित मंडळी न्यूझीलंडांत किंवा यूरोपांत उतरून चाकांवरचें घर भाड्यानें घेतात, व चूल, अंथरूण, न्हाणी सारें बरोबर घेऊन तीन-तीन आठवडे हिंडतात. ह्या वाहनास कॅम्पर व्हॅन म्हणतात. आमच्या भाषेंत मात्र त्यास फार जुनें नांव आहे. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण म्हणतों, तें हेंच.

घर पाठीवर घेऊन प्रवास करण्यांत मनुष्यास काय मिळतें आणि काय गमवावें लागतें, ह्याचा थोडा ऐतिहासिक विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम लमाणांचे तांडे घेऊं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत अनेक वेळां आला. त्याचें प्रवासवर्णन १६७६ सालीं प्रसिद्ध झालें. बैलांच्या पाठीवर माल वाहणाऱ्या चार जमाती त्यानें त्यांत वर्णिल्या आहेत. एक जमात धान्य वाही, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी मीठ. दहा-दहा बारा-बारा हजार बैलांचे हे तांडे अरुंद वाटेंत समोरून आले, तर गाड्यांतील प्रवाशांस दोन-दोन तीन-तीन दिवस खोळंबून राहावें लागे. ह्या लोकांस गांव नव्हतें. राहुटी हेंच त्यांचें घर, आणि बायकामुलें सदैव बरोबर. हा प्रवास हौसेचा नव्हता, पोटाचा होता. तथापि फौजांस आणि दुष्काळी मुलुखांस दाणा पोंचविणारे हेच लोक होते, हें विसरतां कामा नये.

बिऱ्हाड बरोबर नेण्यानें हानि कशी होते, ह्याचें उदाहरण आपल्या इतिहासांत दुर्दैवानें ठळक आहे. १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ परतुराहून उत्तरेस निघाले. लष्कराबरोबर तीर्थयात्रेच्या आशेनें निघालेले यात्रेकरू, बायका, मुलें व नोकरचाकर यांचा मोठा समुदाय होता. दिल्ली हस्तगत होण्यास ऑगस्ट उजाडला. पुढें पानिपतावर रसद तुटली, तेव्हां लढणाऱ्यांच्या तोंडचा घांस न लढणाऱ्यांसही वांटून द्यावा लागला. १४ जानेवारी १७६१ रोजीं जें झालें, त्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु पाठीवरचें बिऱ्हाड चालणाऱ्याचा वेग ठरवितें, हा धडा त्यांतून निःसंशय निघतो.

आतां ह्याच्या अगदीं उलट चित्र पाहूं. १८५७ सालीं पेण तालुक्यांतील वरसई गांवाहून विष्णुभट गोडसे आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरीं कर्ज होतें, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. दक्षिणा मिळवून कर्ज फेडावें, हा हेतु. त्या काळच्या कोंकणस्थ कुटुंबास हिंदुस्थान म्हणजे परदेशच. तेथें गेलेला मुलगा परत येतो कीं नाहीं, ही घरच्यांस धास्ती. मथुरेचा यज्ञ बाजूलाच राहिला, कारण महूच्या अलीकडेच बंडाची बातमी त्यांच्या कानीं आली. ते परतले मात्र नाहींत. ग्वाल्हेर, झांशी, चित्रकूट, अयोध्या, काशी असा त्यांचा प्रवास झाला. झांशीच्या वेढ्यांत ते शहरांतच होते. शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यांनीं प्रत्यक्ष पाहिली, व कष्टानें मिळविलेलें द्रव्य गमावलें. पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं पराभूत, तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांस भेटली. अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. धन थोडें, पुण्य पुष्कळ, आणि अनुभव तर अपरंपार.

चिंतामणराव वैद्य यांच्या सूचनेवरून त्यांनीं ही हकीकत १८८३ च्या सुमारास लिहून काढली, आणि तीं पानें ‘माझा प्रवास’ ह्या नांवानें लेखकाच्या पश्चात्‌ १९०७ सालीं प्रसिद्ध झालीं. गोडसेभटजींच्या पाठीवर घर नव्हतें, हा येथील मुद्दा आहे. म्हणून प्रत्येक रात्रीं त्यांस कोणाच्या तरी ओसरीचा, धर्मशाळेचा किंवा देवळाचा आश्रय घ्यावा लागला. ह्या लाचारीमुळेंच त्यांस माणसें भेटलीं, आणि माणसें भेटलीं म्हणून ग्रंथ झाला.

योगायोग असा कीं, ज्या १९०७ सालीं हा ग्रंथ निघाला, त्याच सालीं इंग्लंडांत चाकांवरच्या घरांतून हिंडणाऱ्या हौशी लोकांचा कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला. ह्या हौसेचे आद्य प्रवर्तक गॉर्डन स्टेबल्स हे आरमारांतील निवृत्त डॉक्टर. त्यांनीं १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची दोन घोड्यांची प्रशस्त गाडी मुद्दाम बांधवून घेतली व दक्षिण इंग्लंडांतून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. बरोबर गाडीवान, नोकर, कुत्रा आणि काकाकुवा पक्षी. अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत नाहीं ना, हें पाहण्यास नोकर तीनचाकी सायकलीवर पुढें जाई. सुखवस्तु गृहस्थाची ही भटकंती लोकांनीं मोठ्या कौतुकानें पाहिली.

परंतु ही कल्पना आली कोठून? त्या काळीं इंग्लंडांत घोड्याच्या गाडींत संसार थाटून हिंडणारे लोक होते, ते जिप्सी अथवा रोमा. त्यांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं आपल्याच देशांतून पश्चिमेकडे गेले, असें भाषाशास्त्र सांगतें. आजही त्यांच्या भाषेंत पाण्यास ‘पानी’, नाकास ‘नख’ आणि कानास ‘कन’ म्हणतात. मराठी वाचकास ह्याचें भाषांतर लागत नाहीं. ह्याच लोकांस देशाबाहेर घालविण्याचा कायदा इंग्लंडांत १५३० सालीं झाला, आणि १५५४ सालीं तर न जाणाऱ्यांस देहान्ताची शिक्षा ठरली. त्यांची गाडी नजरेस पडली कीं गांवकरी दारें लावून घेत. त्याच धर्तीच्या गाडींतून डॉक्टरसाहेब आले कीं गांवकरी दारें उघडून पाहावयास येत. गाडी तीच, भटकंती तीच. भेद काय तो बसणाऱ्याच्या खिशाचा.

हा भेद आपल्याकडे नाहीं, असें समजून कोणीं निश्चिंत होऊं नये. १८७१ च्या कायद्यानें ह्या देशांतील कित्येक भटक्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, परंतु त्याचा डाग पुसला गेला असें म्हणवत नाहीं. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गांवोगांव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचें जिणें मराठी मध्यमवर्गास प्रथमच आंतून दिसलें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडीचे मजूर अद्यापही दिवाळीच्या सुमारास मुलांबाळांसह निघतात व कारखान्याच्या आवारांत पालें ठोकून सहा महिने काढतात. त्यांच्या प्रवासास कोणी सहल म्हणत नाहीं.

मोटारीचें युग आलें तसें घोड्याच्या जागीं यंत्र आलें. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीची पेटीसारखी मोटार १९५० सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया कारखान्यानें तींत पलंग व कपाटें बसविलीं. १९६० नंतर यूरोपांतील तरुण अशा मोटारींतून इस्तंबूल, तेहरान, काबूल ह्या मार्गानें हिंदुस्थानांत उतरूं लागले. त्यांतील कित्येकांचा शेवटचा मुक्काम गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर पडे. १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली आणि वर्षअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्थानांत शिरल्या, तेव्हां तो मार्ग बंद पडला. चाकांवरचें घर कितीही स्वतंत्र असो, रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा असतो, हें तेव्हां सर्वांस कळून आलें.

आतां आमच्या मराठी कुटुंबांकडे वळूं. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो. न्यूझीलंडांत आपल्यासारखेंच डावीकडून हांकावयाचें असल्यानें हात बसलेला असतो. यूरोपांत मात्र उजव्या बाजूची संवय करावी लागते. सुख असें कीं, सरोवराच्या कांठीं सकाळीं स्वतःच्या हातचे पोहे खावयास मिळतात आणि हॉटेलवाल्याच्या घड्याळाची तमा राहत नाहीं. कष्ट असे कीं, पाण्याची टांकी भरणें, सांडपाणी आणि मैला नेमलेल्या जागींच रिकामा करणें, विजेचा हिशोब ठेवणें, हीं कामें रोज स्वतःच करावीं लागतात. रात्रीं वाटेल तेथें थांबतांही येत नाहीं. न्यूझीलंडांत ह्यासाठीं २०११ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या सुधारणेनें सार्वजनिक जागीं राहणाऱ्या गाडींत पक्का बसविलेला शौचकूप असणें सामान्यतः आवश्यक केलें आहे. ज्या घरांत हीं कामें पूर्वीं मोलकरीण करी, तेथील कर्त्या पुरुषास मैल्याची पेटी स्वतः उचलावी लागते, हें आम्ही ह्या प्रवासाचें सर्वांत मोठें शिक्षण समजतों.

परंतु ह्या प्रवासांत एक उणीव राहते, ती गोडसेभटजींच्या पोथीशेजारीं ठेवली म्हणजे स्पष्ट दिसते. घर बरोबर असलें कीं कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं, आणि दारीं गेल्यावांचून ‘या, बसा’ हे शब्द कानीं पडत नाहींत. डोंगर दिसतात, सरोवरें दिसतात. माणूस दिसतोच असें नाहीं. चाकांवरच्या घरास चाकें असावींत तसें एक उघडें दारही असावें. शेजारीं थांबलेल्या परक्या कुटुंबास चहाला बोलवावें, त्यांचें आमंत्रण आलें तर भीड न धरतां जावें. एवढ्यानें प्रवासाची किंमत वाढते आणि त्यास भाडें पडत नाहीं.

आणि परत आल्यावर ह्याच आग्रा रस्त्याच्या कडेस मेंढरांमागें जाणारा धनगरांचा वाडा दिसेल. घोड्याच्या पाठीवर भांडींकुंडीं, करडें आणि एखादें तान्हें मूल. तीन आठवडे विंचवाचें बिऱ्हाड हौसेनें अनुभवून आलेल्यांस त्यांच्या पाण्याची, निवाऱ्याची आणि मुलांच्या शाळेची अडचण इतरांपेक्षां लवकर उमगावी, अशी अपेक्षा करणें गैर नव्हे. तशी ती उमगली, तर परदेशच्या त्या प्रवासाचा खर्च सत्कारणीं लागला, असें आम्ही म्हणूं.