लांब पल्ल्याच्या शर्यती व हृदयाचे आंकडे

लांब पल्ल्याच्या शर्यतीस उतरणाराच्या मनगटावर हल्लीं ठोके मोजणारें घड्याळ असतें. त्या आंकड्यांवर हृदयाचें रक्षण कितपत सोंपवावें, हें ठरविण्यापूर्वीं मागील इतिहास पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अतिश्रमानें हृदय फुटतें, ही समजूत फार जुनी. अथेन्सला विजयवार्ता सांगून गतप्राण झालेल्या जासुदाच्या कथेनें ती दृढ झाली; हिरोडोटसास मात्र ह्या मृत्यूची कांहींच वार्ता नाहीं! इंग्लंडांत १८६७ सालीं स्के नांवाच्या शस्त्रवैद्यानें ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौकाशर्यतीवर असाच आक्षेप घेतला, तेव्हां डॉ. मॉर्गन ह्यांनीं सरळ गणतीच आरंभिली. १८२९ पासून १८६९ पर्यंतच्या २९४ वल्हेकऱ्यांची माहिती मिळवून, ते अल्पायुषी तर नव्हतेच, उलट इतरांहून अधिक जगले, असें त्यांनीं १८७३ मध्यें दाखविलें. पुढें १८९९ मध्यें स्वीडनांतील हेन्शेन ह्यांनीं छातीवर बोटें ठोकून, केवळ आवाजावरून, बर्फावर स्कीनें शर्यत करणारांच्या हृदयाचा आकार ठरविला. तीं हृदयें मोठीं आढळलीं; पण हा रोग नसून अधिक काम करण्याची शक्ति आहे, असें त्यांचें मत पडलें.

तरी भीति गेली नाहीं. अमेरिकेंतील क्लॅरेन्स डीमार ह्यांच्या हृदयांत १९११ सालीं बॉस्टन मॅरेथॉनपूर्वीं वेगळा ध्वनि ऐकूं आला, व त्यांस शर्यती सोडण्याचा सल्ला मिळाला. त्यांनीं ती शर्यत जिंकली, आणि पुढें आणखी सहा वेळां जिंकली. १९५८ मध्यें ते कर्करोगानें वारले, तेव्हां त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या सामान्यांच्या दुप्पट-तिप्पट रुंद आढळल्या.

मग उलट भ्रम बोकाळला, कीं धांवणारास हृदयविकार होतच नाहीं. १९७७ मध्यें धांवण्यावर पुस्तक लिहून असंख्यांस त्या नादीं लावणारे जेम्स फिक्स १९८४ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, धांवतांना गेले. त्यांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या होत्या, आणि वडिलांसही ऐन तारुण्यांत हृदयविकाराचा झटका आला होता. फिनलंडच्या पोलार कंपनीचें बिनतारी नाडीयंत्र १९८२ च्या सुमारास निघालें होतें. परंतु तें फिक्स ह्यांच्या हातीं असतें तरी रोहिणींतील अडथळा त्यानें दाखविला नसता. ठोके मोजणें निराळें व रक्तवाहिनी तपासणें निराळें. आमच्या मतें येथें वडिलांच्या दुखण्याची चौकशीच अधिक उपयोगी पडली असती.

घड्याळ व्यर्थ आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हेन्शेन ह्यांच्याच देशांत वासालोपेट ही ९० किलोमीटरांची स्कीशर्यत होते. तींतील ५२,७५५ जणांच्या नोंदी तपासून २०१३ मध्यें असें प्रसिद्ध झालें, कीं ज्यांनीं अधिक शर्यती पुऱ्या केल्या किंवा जे अधिक वेगवान होते, त्यांच्यांत ठोक्यांची अनियमितता अधिक आढळते. हा दोष पुष्कळदां येतो व जातो; वैद्याच्या खोलींतील घटकाभराच्या तपासणींत तो सांपडेलच असें नाहीं. येथें महिनोन्महिने ठेवलेली नोंद खरोखर कामास येते. मात्र धांवतांना हात हलल्यानें मनगटावरील मोजणी चुकते, छातीवरील पट्टा अधिक भरंवशाचा ठरतो, आणि अखेरचें निदान वैद्य हृदयाचा विद्युत्-आलेख पाहूनच करतात.